खांदेमळण एकाच दिवसाची नको



पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. ओढ्यावर नेऊन बैल धुऊन आणलेले आहेत. घरात वाटीत हळद कालवली आहे, तूप किंवा लोणी पातळ केले आहे. घरधनी बैलाच्या मानेवर हात ठेवतो, खांदा चोळतो, पळसाच्या पानाने शेकतो आणि म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." कुणी याला खांदेमळण म्हणतात, कुणी खांद शेकणे म्हणतात. कुठे हा सण श्रावणी अमावास्येला, कुठे भाद्रपदातल्या अमावास्येला, तर कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर म्हणून येतो. नावे वेगळी, दिवस वेगळे, पण हळदीचा हात सगळीकडे बैलाच्या खांद्यावरच पडतो. आपल्या पूर्वजांना बैलाचे दुखणे नेमके कुठे असते ते ठाऊक होते, एवढे तरी यावरून दिसते.

आमच्या घरची अशीच एक संध्याकाळ मला अजून आठवते. मी तेव्हा पाचवीत होतो. कोळपण्या नुकत्याच संपल्या होत्या. वडिलांनी हळदीचा हात डाव्या बाजूच्या बैलाच्या खांद्याला लावला आणि बैल एकदम मागे सरकला. वडिलांना वाटले, बुजला. पुन्हा हात लावला. बैलाने मान खाली घातली, कातडी थरथरवली आणि सरळ दावे ताणून तोंड फिरवले. आईने कंदील जवळ आणला. जुवाखालची कातडी वरून शाबूत दिसत होती, पण खाली लिंबाएवढी गाठ झाली होती आणि ती गरम लागत होती. महिनाभर त्या बैलावर जू चढत होते, आणि रोज त्याला वैरण घालणाऱ्या आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते. आवतण द्यायला गेलो आणि पाहुण्याने पाठ फिरवली. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बैल सजला, पुरणपोळी खाल्ली, मिरवला. पण रब्बीच्या मशागतीला वडिलांनी त्याला जुंपला नाही. भाऊबंदांशी सावड केली, उरलेल्या कामाला इर्जिक बोलावली. पेरणी आठ-दहा दिवस मागे पडली आणि त्या साली ज्वारी थोडी कमी झाली. बैल मात्र बरा झाला आणि पुढे आठ वर्षे आमच्या दावणीला राबला. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आज सांगायचे ते एवढेच की, खांदेमळण वर्षातून एकदा करून भागत नाही. ज्या दिवशी जू चढते, त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी बैलाच्या मानेवर हात फिरला पाहिजे. तुम्ही म्हणाल, आता बैल उरलेत किती? खरे आहे. ज्या गावात दारोदार जोड्या होत्या, तिथे आज त्या बोटांवर मोजाव्या लागतात. पण त्यातच मेख आहे. गावात चार जोड्या उरल्या की अख्ख्या गावाच्या कोळपण्या आणि पेरण्या त्याच चार जोड्यांच्या मानेवर येतात. पूर्वीचा बैल एका घरचे काम करायचा, आजचा बैल रोजाने दहा घरचे करतो. मग त्याच्या मानेची काळजी कमी घ्यावी की जास्त?

मान कशी असते?

मी कृषी पदवीधर, पशुवैद्य नव्हे. औषधोपचाराचा अधिकार पशुवैद्यकाचा. पण मानेची रचना समजून घ्यायला डॉक्टर असावे लागत नाही.

बैलाचे डोके जड, त्यात शिंगांचा भार. हे ओझे पेलायला डोक्याच्या मागून निघून मानेच्या वरच्या कडेने वशिंडाच्या बाजूला जाणारा एक जाड, पिवळसर, रबरासारखा ताणणारा बंध असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना थरावर थर असलेले स्नायू. बैल ओढतो तेव्हा याच स्नायूंच्या वर, वशिंडाच्या पुढे, जू रुतते. सर्वसाधारण नियम असा की, बैलाने दिवसभर सलग ओढावे ते त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके. म्हणजे ४०० किलोच्या बैलाला सुमारे ४० किलोची ओढ. हा सगळा जोर दोन तळहात मावतील एवढ्या जागेवर येतो. तुमच्या स्वतःच्या खांद्यावर अरुंद दांड्याची कावड घेऊन मैलभर चालून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

दाब सतत राहिला की तेवढ्या जागेचे रक्त फिरणे मंदावते. स्नायू आखडतो, लाकडासारखा ताठ लागतो. ही पहिली पायरी. इथे हात फिरला तर एका-दोन दिवसांत बैल मोकळा होतो. इथे दुर्लक्ष झाले तर दुसरी पायरी येते, ती सूज. जागा गरम, हात लावू देत नाही. तिसऱ्या पायरीला कातडी सोलते किंवा आत पू धरतो. आणि तरीही जू चढतच राहिले तर चौथी पायरी, म्हणजे दगडासारखी घट्ट, न दुखणारी गाठ. आपण तिला आवाळू म्हणतो. ती चोळून जात नाही, शेकून जात नाही. पशुवैद्यकाने शस्त्रक्रिया करून काढली तरच जाते. पहिली पायरी आपल्या हातातली, चौथी डॉक्टरच्या सुरीतली.

आधी हात, मग तेल

नोकरीच्या पहिल्या वर्षीची एक चूक कबूल करतो. एका गावात सुधारित औताचे प्रात्यक्षिक होते. मी वही घेऊन तासाची खोली मोजत होतो, रुंदी मोजत होतो. बांधावर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, तास सरळ आहे, पण बैल वाकडा चाललाय. जरा वर बघा की." वर बघितले तर उजवीकडच्या बैलाच्या मानेवर जुवाखाली रक्त आले होते. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही शेतावर गेलो की आधी बैलाची मान पाहतो, मग जमीन.

मान अवघडल्याची खूण बैल आधीच देत असतो. जुंपताना मान खाली घालत नाही, उलट डोके वर करतो. चालताना डोके एका अंगाला धरतो. उभा केला की जू सारखे हलवतो. गव्हाणीत तोंड घालताना हळू वाकतो. वळणावर एकाच बाजूला वळायला कुरकुरतो. अशा वेळी "आळशी झाला" म्हणून चाबूक उचलण्याआधी मानेवर हात ठेवावा.

तपासायची रीत सोपी आहे. हाताची पालथी बाजू मानेवर ठेवून वशिंडापासून डोक्याकडे न्यावी. पालथ्या हाताला ऊब लवकर कळते. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. मग दोन बोटांनी हलके दाबत जावे. जिथे कातडी थरथरते, बैल कान मागे घेतो किंवा मान काढून घेतो, ती जागा दुखरी. आमची आई रोज संध्याकाळी आंबवण ठेवताना असा हात फिरवायची. पोळ्याच्या त्या प्रसंगानंतर तिने हा नियमच केला होता. गोठ्यातले काम घरोघरी बायकांच्याच हातून होते, म्हणून भगिनींना विशेष सांगणे आहे. दुखणे पहिल्यांदा तुमच्याच हाताला कळणार आहे. आणि कळले की घरात ठणकावून सांगा, उद्या हा बैल जुंपायचा नाही.

रोजची खांदेमळण

आता प्रत्यक्ष कृती. ही फक्त थकलेल्या, आखडलेल्या मानेसाठी आहे. सूज किंवा जखम असेल तर तिचे नियम पुढे दिले आहेत.

जू उतरल्यावर बैल सावलीत दहा-पंधरा मिनिटे उभा राहू द्यावा. मग ओल्या फडक्याने मानेवरचा घाम आणि धूळ पुसून काढावी. घाम वाळला की त्यातले मीठ आणि धूळ मिळून कातडीवर कानशीसारखे काम करतात. दुसऱ्या दिवशी त्यावरच जू चढले की सोलायला वेळ लागत नाही.

नंतर बादलीभर कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकावे. पाण्यात आपले कोपर बुडवून पाहावे. आपल्याला सोसेल तेवढेच गरम असावे. त्यात जाड फडके बुडवून, पिळून, मानेवर ठेवावे. निवले की पुन्हा बुडवावे. असे दहा-पंधरा मिनिटे करावे. मग मान कोरडी पुसावी.

आता तळहाताला थोडे करंजाचे किंवा खोबऱ्याचे तेल लावावे. थोडे म्हणजे हात घसरण्यापुरतेच. मानेच्या वरच्या कण्यावर जोर न देता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर तळहाताच्या टाचेने हळूहळू गोल फिरवत जावे. डोक्याच्या मागून सुरुवात करावी आणि वशिंडापर्यंत यावे. जोर किती द्यावा? भाकरीचे पीठ मळताना जेवढा देतो तेवढा. एका बाजूला पाच-सात मिनिटे पुरतात. जिथे बैल अंग चोरतो तिथे नुसता हात ठेवून थांबावे, रेटू नये. बैलाला बरे वाटू लागले की तो सांगतो. मान हळूहळू खाली सोडतो, डोळे अर्धे मिटतो, रवंथ सुरू करतो.

शेवटी हिरव्या वैरणीची पेंढी हातात घेऊन ती आधी खाली जमिनीजवळ, मग डाव्या बरगडीकडे, मग उजव्या बरगडीकडे धरावी. बैल आपण होऊन मान वळवील आणि स्नायू मोकळे ताणले जातील. वेसण किंवा शिंग धरून मान कधीही ओढू नये. ओढून सैल होत नाही, ओढून आखडते.

या सगळ्याला एका बैलामागे अर्धा तास लागतो. खर्च मीठ आणि चमचाभर तेलाचा.

सूज आली असेल तर

सूज आजचीच आणि गरम असेल तर चोळू नये आणि शेकूही नये. पहिल्या दिवशी गार पाण्याच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे ठेवाव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक द्यावा. सुजेवर मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीन यांचा लेप देण्याची पद्धत आहे. तो आपल्या पशुवैद्यकाला विचारून लावावा. सगळ्यांत मोठे औषध म्हणजे जू बंद. लेप लावून दुपारी पुन्हा जुंपणे म्हणजे एका हाताने पाणी ओतून दुसऱ्या हाताने जाळ घालणे.

सूज मऊ लागली आणि दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखे वाटले तर पू धरला असे समजावे. घरी वस्तरा तापवून फोडू नये. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. हे काम पशुवैद्यकाचेच.

कातडी सोलली असेल तर पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी करून जखम धुवावी, कोरडी करावी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडतात, म्हणून जखमेवर रोज नजर हवी. जळके इंजिन ऑइल, डिझेल, बॅटरीचे पाणी हे प्रकार मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. हात जोडून सांगतो, करू नका. त्याने जखम जळते, भरत नाही. तापल्या सळईचा डाग तर देऊच नका. आणि जखम भरली म्हणजे लगेच जू नव्हे. कातडी घट्ट होऊन तिच्यावर पुन्हा केस आले की मग.

सूज वर की खाली?

इथे जरा थांबून वाचा, कारण यात जनावराचा जीव आहे.

जुवाची सूज मानेच्या वरच्या अंगाला येते. जनावर खाते, पिते, रवंथ करते, फक्त जू घेत नाही. पण सूज गळ्याखाली असेल, घशापासून पोळीकडे उतरत असेल, अंगात सडकून ताप असेल, तोंडातून लाळ गळत असेल आणि श्वास घेताना घरघर वाजत असेल, तर तो खांदा नव्हे. तो घटसर्प असू शकतो. त्याला चोळत, शेकत बसाल तर एका दिवसात दावण रिकामी होईल. अशा वेळी तासाचा उशीर न करता पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. गाय-बैलांपेक्षा म्हशीला हा रोग अधिक गाठतो, तिलाही विसरू नये.

दुसरी गोष्ट. जनावराला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे, असे दिसले की आपण घशात काही अडकले म्हणून हात घालायला जातो. हे पिसाळलेले कुत्रे चावल्याचेही लक्षण असू शकते. उघडा हात तोंडात घालू नका. डॉक्टर येईपर्यंत जनावर वेगळे बांधा.

तिसरी गोष्ट. मानेवर एकच नव्हे तर अंगभर गाठी दिसल्या आणि ताप असेल तर लम्पीचा संशय घ्यावा. २०२२ साली या रोगाने आपल्याकडे किती दावणी उदास केल्या ते सांगायला नको. शेकायचे फडके प्रत्येक बैलाचे वेगळे असावे, ते यासाठीही.

घोडा असेल तर

काही वाचकांच्या दारी घोडा आहे. मेंढपाळ बांधवांच्या बिऱ्हाडाबरोबर घोडी असते, कुणाचा टांगा आहे, कुणाचा वरातीचा घोडा आहे. त्यांच्यासाठी चार शब्द.

घोडा मानेने ओढत नाही, छातीने आणि खांद्याने ओढतो. म्हणून त्याच्या मानेला जुवाचा त्रास नाही, त्रास आहे तो लगामाचा. लगाम आखडून डोके वर किंवा छातीकडे तासन् तास बांधून ठेवले की जबड्याखालचा गळा आणि मानेच्या दोन्ही बाजू ताठरतात. वरातीच्या घोड्याची ऐट आपल्याला दिसते, त्याचा अवघडलेला गळा दिसत नाही. काम झाल्याबरोबर लगाम काढावा, घोड्याला डोके जमिनीपर्यंत सोडून चरू द्यावे. वैरण उंचावर न टांगता खाली घालावी. शेकणे आणि तळहाताने चोळणे बैलासारखेच, कानामागून खांद्यापर्यंत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीवर मात्र दाब देऊ नये. मग गाजराचा तुकडा दाखवून मान डावी-उजवीकडे आपण होऊन वळवू द्यावी.

पण घोड्याची मान अचानक लाकडासारखी ताठ झाली, जबडा उघडेना, कान उभे राहिले, शेपूट ताणून धरली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा बाहेर येऊ लागला, पाय फाकून लाकडी घोडीसारखा उभा राहिला, तर तो धनुर्वात. पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. टापेत घुसलेला एखादा खिळाही त्याला पुरतो. तिथे चोळण्याचा काही उपयोग नाही. घोडा अंधाऱ्या, शांत जागी ठेवून ताबडतोब डॉक्टर आणावा. आणि मुळात धनुर्वाताची लस आधीच टोचून घ्यावी. जबड्याखाली गाठी सुजून ताप आणि नाकातून पू येत असेल तर तो घशाचा संसर्गजन्य रोग. त्या घोड्याला इतर घोड्यांपासून दूर बांधावे.

मूळ दोष जुवात

आता पुन्हा बैलाकडे येऊ. रोज चोळून दुखणे कमी होईल, पण ते का होते हे पाहिले नाही तर रोज चोळतच बसाल.

जू उलटे करून त्याच्या खालच्या अंगावर हात फिरवा. गाठ, धस, खिळ्याचे टोक, भेग हाताला लागते का? सुताराकडून तासून, घासून काचेसारखे गुळगुळीत करून घ्या. मानेवर टेकणारा भाग रुंद आणि किंचित गोलाई घेतलेला असावा. रुंद जागा म्हणजे वाटला गेलेला भार. खाली कापडाची किंवा लोकरीची गादी लावली तर उत्तम, पण ती रोज वाळवावी. ओली, घामट गादी नसलेल्या गादीपेक्षा वाईट. जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळणारे पुष्कळ आहेत. रबराखाली घाम मुरतो आणि कातडी ओढली जाते, म्हणून ते टाळावे.

गळ्याखालचा पट्टा, म्हणजे जोते किंवा सापती, आणि गळा यांच्यामध्ये चार बोटे सहज गेली पाहिजेत. जोडी सारख्या उंचीची असावी. एक उंच, एक बुटका असेल तर जू तिरपे राहते आणि एकाच्या मानेत कड रुतते. एक बैल अशक्त असेल तर औताची दोरी जुवाच्या मध्यापासून थोडी दमदार बैलाच्या बाजूला सरकवावी. अशक्त बैलाकडचा हात लांब झाला की त्याच्यावरचा भार कमी होतो. तराजूचाच नियम आहे.

गाडी भरताना माल आसावर तोलला पाहिजे. माल पुढे जास्त झाला तर सगळे वजन मानेवर बसते. मागे जास्त झाला तर गाडी उलार होते, जू वर उचलते आणि गळ्याचा पट्टा घशात रुततो. ऊस वाहणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे, कारण हंगामात रात्रंदिवस तोच भार त्याच मानेवर असतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांच्यासारख्या मोठ्या माणसाने बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला होता. कारखाने चालवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला जर बैलाची मान महत्त्वाची वाटली, तर आपल्याला ती वाटायलाच हवी.

नवा गोऱ्हा पहिल्या दिवसापासून दिवसभर जुंपू नये. तास-दोन तासांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. आपली चप्पल नवी असली की पायाला फोड येतो, तसेच हे. पावसात भिजलेली मान मऊ पडते, लवकर सोलते. वाफसा साधायची घाई मला कळते, पण जुंपण्याआधी मान कोरडी पुसायला पाच मिनिटे पुरतात.

यात कायदाही आहे. १९६५ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावराकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग ५ तासांपेक्षा जास्त विश्रांतीवाचून राबवता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ काम घ्यायचे नाही. जखम करील असे टोचणारे जू किंवा साज वापरायलाही मनाई आहे. पण कायद्याच्या धाकाने करायची ही गोष्ट नव्हे. दारच्या लक्ष्मीची ही गोष्ट आहे.

येत्या पोळ्याला हळदीचा हात खांद्यावर ठेवाल तेव्हा बैलाकडे नीट बघा. त्याने मान खाली घालून हात घेतला, तर समजा तुमचे वर्ष चांगले गेले. त्याने तोंड फिरवले, तर पुरणाचा घाट घालण्याआधी जू सुताराकडे पाठवा. आणि पोळ्याची वाट तरी कशाला पाहता? आज संध्याकाळी औत सुटले की गोठ्यात जा आणि पालथा हात फिरवून बघा.

पुढच्या वेळी खुरांविषयी बोलू.